किटमधल्या भागांना सोल्डर धरत नसेल तर

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत हॅम रेडिओ (हौशी लोकांचा रेडिओ संच) किटचे सुटे भाग पडून राहिले की त्यांचे पाय, म्हणजे जोडायच्या तारा, काळपट होतात. मग सोल्डर (जोडासाठी वितळवतात तो धातू) पसरत नाही, नुसता गोळा होऊन बसतो.

१. पाय बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत हलकेच घासा.
२. राळेचा फ्लक्स (सोल्डर नीट धरण्यासाठी लावायचं द्रव्य) लावून आधी पायावरच पातळ सोल्डर चढवा, मग भाग बोर्डात बसवा.

टोरॉइडच्या (कड्यासारख्या गाभ्यावर तार गुंडाळून केलेल्या कॉइलच्या) तारेकडे जास्त लक्ष द्या. तिच्यावरचं इनॅमल (वीज अडवणारा पातळ थर) तांब्यासारखंच दिसतं, त्यामुळे फसगत होते. टोकं चहूबाजूंनी खरवडा आणि बसवल्यावर मल्टिमीटरने कंटिन्युइटी (वीज सलग जाते का) तपासा. किट मुकं राहिलं तर ट्रान्झिस्टर बदलण्याआधी हेच बघा.

नळकामाचा ॲसिड फ्लक्स अजिबात वापरू नका. तो बोर्डावरचं तांबं खातो.