निराधारचा अर्ज करताना दिव्यांगांनी या चुका टाळा

संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज केला की 'तुम्हाला काम झेपतं का?' असं सहसा कुणी विचारत नाही. तहसील कार्यालयात वय (१८ ते ६५), महाराष्ट्रातलं १५ वर्षांचं वास्तव्य, उत्पन्नाचा दाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्रावरचे दिव्यांगत्वाचे टक्के पाहिले जातात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा अर्जही एका कागदापायी मागे येतो, तो याचमुळे. हे अन्यायाचं आहे, पण टाळता येतं.

चुकीच्या गटातून अर्ज

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. दिव्यांग हक्क कायदा २०१६मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. कर्करोग, हृदयविकार किंवा निकामी झालेली किडनी त्यांत नाही. त्यामुळे कर्करोगाचा रुग्ण सिव्हिलमध्ये टक्के लिहून घ्यायला गेला, तर हेलपाटेच पदरी पडतात. निराधार योजनेत दुर्धर आजारांचा गट वेगळा आहे. कर्करोग, क्षयरोग, एड्स, कुष्ठरोग, पक्षाघात अशा आजारांमुळे चरितार्थ चालवता येत नसेल, तर त्या गटातून वैद्यकीय दाखल्यासह अर्ज करायचा.

पक्षाघाताच्या रुग्णाला मात्र दोन्ही वाटा मोकळ्या असतात, आणि इथे नीट विचार करून निवडायला हवं. दुर्धर आजाराच्या गटात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००. ऑक्टोबर २०२५पासून दिव्यांगांचं अनुदानही महिना २,५०० रुपये झालं, इतर लाभार्थ्यांचं १,५००च राहिलं. हात-पाय कायमचे अधू झाले असतील आणि ४० टक्के बसत असतील, तर दिव्यांग गटातूनच अर्ज करा.

टक्क्यांची साधी बेरीज

किमान ४० टक्के लागतात. एका पायाचं ३० टक्के आणि कानांचं २० टक्के म्हणजे ५०, असा हिशेब लोक घरी करतात. प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचं सूत्र वेगळं आहे: मोठा आकडा 'अ', लहान आकडा 'ब', आणि एकूण = अ + ब × (९० − अ) ÷ ९०. म्हणजे ३० + २० × ६० ÷ ९० = ४३.३. इथे पात्रता मिळते. पण २५ आणि २० असेल तर ३९.४ येतात, आणि अर्ज तिथेच थांबतो.

याच्या उलट चूकही होते. ऐकू कमी येतं, पण ते 'किरकोळ' म्हणून ऑनलाइन अर्जात फक्त पायाचं दिव्यांगत्व लिहिलं जातं. मग प्रमाणपत्र ३० टक्क्यांचंच हाती पडतं. जे जे आहे ते सगळं अर्जात लिहा आणि प्रत्येकाचे तपासणी अहवाल सोबत न्या. टक्के चुकीचे वाटले तर कायद्याच्या कलम ५९नुसार अपील करता येतं.

जुनं किंवा मुदत संपलेलं प्रमाणपत्र

हाताने लिहिलेलं जुनं प्रमाणपत्र पुढे केलं की हरकत निघते. 'स्वावलंबन' पोर्टलवरून यूडीआयडी (दिव्यांगांचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) काढून घ्या. प्रमाणपत्रावर 'कायमस्वरूपी' आहे की 'तात्पुरते' हेही वाचा. सुधारणेची शक्यता असेल तर डॉक्टर मुदतीचं प्रमाणपत्र देतात. मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाला लागा, म्हणजे अनुदानात खंड पडणार नाही.

नावाचंही पाहा. आधारवर 'दत्तात्रय' आणि प्रमाणपत्रावर 'दत्तू' असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या.

मंजुरी आली, पैसे नाहीत

आता अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. बँकेत केवायसी झालं म्हणजे खातं जोडलं गेलं, असा समज असतो. तसं नसतं. पैसे अर्जातल्या खात्यात न जाता, एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) यादीत तुमच्या आधारपुढे जी बँक असेल तिच्याकडे जातात. मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे जमा होत असण्याची शक्यता असते. 'माय आधार'च्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' (आधार कोणत्या बँकेशी जोडलं आहे ते) पाहा, आणि बदल हवा असेल तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा अर्ज द्या.

अनुदान सुरू असताना मध्येच बंद पडलं, तर हयातीचा दाखला आधी आठवा. तो दरवर्षी द्यावा लागतो आणि राहून गेला की नाव थांबवलं जातं. माणूस हलू शकत नसेल तर तलाठ्याला तसं लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं फाइलीत लागत नाही.

नोकरीत असताना अपंगत्व आलं असेल तर

निराधारच्या आधी भविष्य निर्वाह निधीचं पासबुक उघडा. नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं, तर निवृत्तिवेतनासाठी १० वर्षांच्या सेवेची अट नाही. त्यासाठी फॉर्म १०-डी भरायचा. घाईत १०-सी भरून पेन्शनची रक्कम काढून घेतली, तर हा हक्क हातचा जातो.