नातवांचं बालसंगोपन अनुदान: धाकट्याचे पैसे अडकले होते, ते कसे सुटले

लेक गेल्यापासून दोन्ही नातू आमच्याकडे तासगावला आहेत. जावई हयात आहेत, म्हणून "तुम्हाला काही मिळायचं नाही" असं जो तो सांगायचा. तसं नाहीये. बालसंगोपन योजनेत एक पालक वारलेलं मूलही बसतं. १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत दर मुलामागे महिना २२५० रुपये. आधी ११०० होते, २०२३ ला वाढले.

सांगलीच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज दिला. मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, बोनाफाईड, आधार, पासबुक आणि घरासमोर मुलांसोबतचा फोटो. मग गृहभेट. आलेल्या मॅडमनी धाकट्याच्या वह्या चाळल्या, पोरं झोपतात कुठं तेही बघितलं. मला ते फार बरं वाटलं. पुढे बालकल्याण समितीचा आदेश निघाला.

थोरल्याचे पैसे आले, धाकट्याचे नाहीत. बँकेत एकच उत्तर, "आधार लिंक आहे." पण डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा, सगळ्यात शेवटी ज्या खात्याला सीडिंग झालंय (सरकारी पैशासाठी आधार जोडलंय) तिथंच जातो. महा-ई-सेवा केंद्रातल्या मुलानं आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस काढलं, तर लेकीनं पूर्वी दुसऱ्या बँकेत उघडलेलं खातं निघालं! नव्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरला, शिक्क्याची पोच घेतली आणि झेरॉक्स कार्यालयात दिली. त्यानंतर दोघांचेही जमा होतात. मात्र काही महिन्यांचे एकदम येतात, त्यामुळे शाळेची फी त्यांच्या भरवशावर ठेवू नका.