भंगारातला पाणचिरा: पक्षीसप्ताहाआधीची तयारी

पक्षीसप्ताहात टाकाऊ प्लॅस्टिकचा मोठा पक्षी उभा करायचा, तर सगळ्यात आधी पक्षी ठरवा, आणि ठरवताना समोर नकाशा ठेवा. टाकाऊ वस्तूंतून समुद्रपक्षी करायचा म्हटलं की वस्तीतल्या बैठकीत हमखास अल्बट्रॉसचं नाव निघतं. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर मेलेल्या पिलांच्या पोटातून निघालेली झाकणं आणि लायटर यांचे फोटो अनेकांनी पाहिलेले असतात, आणि ते दुःख खरंच आहे. पण आपल्या मुलांना मिडवेच्या आधी घरामागचा नाला दाखवायला हवा. लाव्याकडून आलेली नाग नदी अंबाझरीवरून आपल्या नागपूर शहरात शिरते. पुढे तिला पिवळी नदी मिळते, मग कन्हान, आंभोऱ्याला वैनगंगा, वर्धा मिळाली की प्राणहिता, सिरोंच्याजवळ गोदावरी आणि शेवटी आंध्रातला बंगालचा उपसागर. वाटेत बराच कचरा गोसीखुर्दच्या धरणात अडतो, काठाला लागतो, तळाशी बसतो. वाट मात्र हीच. गोदावरीच्या मुखाशी, काकीनाड्याजवळच्या किनाऱ्यावर, हिवाळ्यात पाणचिऱ्यांचे थवे उतरतात. म्हणून पक्षी पाणचिराच घ्या.

पाणचिरा घडवायला सोपा नाही, पण विसरण्यासारखाही नाही. पाठ काळी, पोट पांढरं, पाय लाल आणि चोच जाड, गडद नारिंगी, टोकाला पिवळसर. तिचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब असतो. पाण्याला लागून उडताना तो खालची चोच पाण्यात बुडवून रेघ ओढत जातो आणि मासा लागला की मिटतो. ही चोच चुकली तर पक्षी चुकला, तेव्हा मुलांकडून आधी फक्त चोचीची चित्रं काढून घ्या. खऱ्या पक्ष्याच्या पंखांचा पसारा एक मीटरहून थोडा जास्त असतो. रस्त्यावरून दिसायचा तर पाचपट करावा लागेल, म्हणजे पाच मीटरच्या पुढे. मग शाळेचं फाटक, सभागृहाचं दार आणि न्यायच्या गाडीची रुंदी आजच टेपने मोजा आणि पंख सुटे होतील असेच आखा.

दिवस मोजून घ्या. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षीसप्ताह असतो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींचा. चितमपल्ली कितीतरी वर्षं आपल्याच शहरात राहिले, त्यामुळे नागपूरला या आठवड्याचं अगत्य जास्त असावं असं मला मनापासून वाटतं. पोळा झाला की सामान गोळा करायला लागा, दसऱ्यापर्यंत सांगाडा उभा करा आणि पिसांचं काम दिवाळीच्या सुट्टीत मुलांना द्या. पावसाळ्यात धुतलेलं प्लॅस्टिक वाळत नाही, कुबट वास धरतं. वाळवायला आडोशाची जागा आधी बघून ठेवा.

आता सामान. एकच नियम पाळा: या पक्ष्यासाठी नवं प्लॅस्टिक विकत आणायचं नाही. रंग कमी पडला म्हणून स्प्रेचे डबे आणले की कामाचा अर्थच गेला. काळ्या पिसांसाठी काटोल, कळमेश्वर, नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांमधून जुन्या ठिबकच्या नळ्या मिळतात. उंदरांनी कुरतडलेल्या, उन्हाने कडक झालेल्या नळ्या बांधावर पडूनच असतात. वीतभर तुकडा कापा, लांबीने एका बाजूने चिरा आणि टोक तिरपं छाटा. चिरलेली नळी पूर्ण सपाट होत नाही, कडा आत वळलेल्याच राहतात, आणि ते वळणच उडायच्या पिसाचा आकार देतं. पंखाच्या कडेला लांब तुकडे लावा, आत येताना आखूड करत जा, वरची ओळ खालच्या ओळीच्या मुळांवर यायला हवी. पांढऱ्या पोटासाठी दुधाच्या पिशव्या आणि दह्याचे डबे, पायांसाठी तुटलेल्या लाल बादल्या. नारिंगी चोचीसाठी बाटल्यांची झाकणं वस्तीतून वेगळी जमवायला सांगा. चोचीला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ लागतात, म्हणून हे काम पहिल्या दिवसापासून सुरू करा. प्रत्येक रंगाची चुंगडी वेगळी बांधा आणि वर चिठ्ठी लावा.

सामान कुठून घ्यायचं यात एक माणुसकीची गोष्ट आहे. बाटल्या आणि झाकणं ही कचरा वेचणाऱ्या बायांची रोजी आहे. त्यांच्या फेरीच्या आधी उठून मुलांनी सगळं उचलून नेलं, तर पक्ष्याच्या नावाने त्यांच्या पोटावर पाय येतो. म्हणून त्यांच्याकडून किंवा कबाडीवाल्याकडून चालू भावाने विकत घ्या, आणि उद्घाटनाला त्यांना समोरच्या रांगेत बसवा. कोणतं प्लॅस्टिक विकलं जातं आणि कोणतं नाल्यातच राहतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. चिप्सची आतून चकाकणारी पाकिटं कुणी घेत नाही, हे मुलांना त्यांच्या तोंडून ऐकू द्या.

काही गोष्टींना हात लावायचाच नाही. फवारणीच्या औषधांचे डबे कितीही धुतले तरी नकोत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विदर्भात कुणाला सांगायला लागू नये. दवाखान्याचा कचरा नको, बॅटऱ्या नकोत, थर्माकोल नको, त्याचे दाणे वाऱ्याने उडून पुन्हा नालीतच जातात. मुलांना घेऊन भांडेवाडीच्या कचराडेपोत जाऊ नका. चकाकीची पूडही आणू नका, तीही प्लॅस्टिकच असते.

खर्र्याच्या पन्नीचा विचार वेगळा करा. पानठेल्यासमोर पडलेले ते पातळ चौकोन, ज्यांत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटला जातो, पहिल्या पावसाबरोबर नालीत उतरतात. नाग नदीच्या कचऱ्याची गोष्ट त्यांना वगळून सांगता येणार नाही. पण त्यांना तंबाखू आणि थुंकी लागलेली असते, म्हणून त्या पन्न्या पक्ष्यावर लावू नका आणि मुलांना उचलू देऊ नका. मोठ्यांनी हातमोजे घालून एका पानठेल्यासमोरच्या एका दिवसाच्या पन्न्या वेचाव्यात, पारदर्शक बरणीत घालून झाकण पक्कं बंद करावं आणि ती बरणी पक्ष्याच्या चोचीखाली ठेवावी. पानठेलेवाल्याला आधी विश्वासात घ्या. त्याच्या ठेल्याचं नाव बरणीवर नको. समोर एक डबा ठेवायला तो तयार झाला तर तेवढ्यानेही फरक पडतो.

धुण्यासाठी दोन टाक्या ठेवा, एक धुण्याच्या सोड्याची आणि एक साध्या पाण्याची. दुधाच्या पिशव्या आधी कापून उलगडा, नाहीतर कोपऱ्यात राहिलेलं दूध आंबतं आणि मुंग्या लागतात. टाकीतलं पाणी ओतण्याआधी फडक्यातून गाळा, बारीक तुकडे नालीत जाता कामा नयेत. कापाकापी जुनी चादर पसरून त्यावरच करा, रोज संध्याकाळी ती झटकू नका, गुंडाळून कचरा पिशवीत भरा.

याच वेळी मुलांना बादलीचा प्रयोग दाखवा. बाटलीचं झाकण पाण्यात टाका, ते तरंगतं. त्याच बाटलीच्या अंगाचा तुकडा टाका, तो बुडतो. झाकण पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं असतं, पाण्याहून हलकं. बाटली पेट (PET) नावाच्या प्लॅस्टिकची असते, पाण्याहून जड. दुधाची पिशवी, पॉलिप्रॉपिलीनचा दोर, झाकण हे सगळं समुद्राच्या वरच्या थरात राहतं, आणि बहुतेक समुद्रपक्षी तिथेच खाणं शोधतात. तरंगत्या प्लॅस्टिकवर शेवाळ धरलं की त्याला खाण्याच्या जागेसारखा वास येतो, आणि वासावर शोध घेणारे पक्षी फसतात. जगातल्या सुमारे ९० टक्के समुद्रपक्ष्यांच्या पोटात कधी ना कधी प्लॅस्टिक गेलं असावं, असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला होता. हा आकडा फलकावर लिहा, पण बादली शेजारी ठेवूनच.

सांगाडा बांबूचा करा आणि तो बुरडाच्या हातचा असू द्या. कांब किती पातळ सोलली की पंखाची बाकदार कड न मोडता वळते, हे त्याच्या बोटांना कळतं. चितारओळीतल्या एखाद्या मूर्तिकाराला मान आणि छातीचा तोल बघायला बोलवा, मजुरी ठरवूनच. शासकीय चित्रकला महाविद्यालयाची मुलंही अशा कामात हौसेने उतरतात. फेविकॉलवर पैसे घालवू नका. पॉलिथिलीनला तो धरत नाही, दोन दिवसांत पिसं गळतात. दाभणाने भोक पाडा आणि बायंडिंग तारेने बांधा, तारेची टोकं आत दुमडा. प्लॅस्टिक तापवून, वितळवून जोडायचं नाही, मुलांसमोर तर नाहीच.

नायलॉन मांजा जानेवारीतच, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झाडांवरून आणि गच्च्यांवरून काढून डब्यात भरून ठेवलेला असेल तर फार बरं. त्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी आपल्या झाडांवर तो लटकतोच, आणि सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये दरवर्षी पंख चिरलेले पक्षी आणले जातात. समुद्रात मासेमारीची नायलॉन दोरी अशीच पाय आणि पंख आवळते. मांजाचा गुंता काचेआड दाखवा. उघडा टांगला तर त्यात खरी चिमणी अडकेल.

जागा तलावाच्या काठावर घेऊ नका. नोव्हेंबरमध्ये तिथे पाहुणे पक्षी उतरलेले असतात, माईक आणि गर्दी त्यांच्यावर कशाला लादायची? शाळेचं मैदान किंवा चौकातला मांडव पुरे. महापालिकेच्या झोन कार्यालयाचा आणि पोलिसांचा परवाना वेळेत मागा, अर्जाची पोच घ्या. मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे पुतळे, जाळायच्या सवयीने कुणीतरी शेवटी पक्षी जाळायचं सुचवेल. मारबत ईडापीडा घेऊन जाते म्हणून तिचं दहन होतं. इथे धूर विषारी होईल, आणि हा पक्षी आपल्याला घालवायचा नाही. हे पहिल्याच बैठकीत ठरवून वहीत लिहा.

फलकावर पाणचिऱ्याबद्दल खरं तेच लिहा. तो २०२० पासून जागतिक लाल यादीत धोक्यातल्या जातींत आहे, पण याला एकटं प्लॅस्टिक कारण नाही. धरणांचं पाणी सोडल्याने वाळूची बेटं बुडतात किंवा अडवल्याने काठाला जोडली जातात, मग कुत्री आणि गुरं घरट्यांपर्यंत पोचतात, वाळूउपसा आहेच. हे लपवून सगळा दोष पन्नीवर टाकला तर पाहणाऱ्याची फसवणूक होते. दानपेटी ठेवणार असाल तर पैसे कुठे जाणार ते पेटीवरच लिहा. १८८३ साली स्थापन झालेली मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) चंबळच्या पाणचिऱ्यांसाठी काम करते, तिथे हंगामात गावातली माणसं घरट्यांची राखण करतात. त्या कामाला मदत पाठवता येईल. सोबत आपल्या प्रभागाच्या नाल्यावर पावसाळ्याआधी कचरा अडवणारी जाळी बसवावी, असा सह्यांचा अर्ज टेबलावर ठेवा. माझ्या मते सगळ्या यादीत हा अर्ज सगळ्यात महत्त्वाचा. एका जाळीत एका पावसात अडकेल तेवढं प्लॅस्टिक दहा पक्ष्यांनाही लागणार नाही.

१३ तारखेला पक्षी उतरवायला माणसं आधीच नेमून ठेवा, नाहीतर तो महिनाभर उन्हात राहून त्याचेच तुकडे पडतात. तार वेगळी, नळ्या वेगळ्या, झाकणं वेगळी करून ज्यांच्याकडून घेतली त्यांनाच परत द्या आणि वजन वहीत नोंदवा. कुणी घेत नाही ती पाकिटं महापालिकेच्या सुक्या कचऱ्यात जातील. सांगाडा वाळवी लागणार नाही असा आढ्याला टांगा. पुढच्या वर्षी त्याच बांबूवर नदी सुरय (रिव्हर टर्न) हा पक्षी करता येईल. तिची शेपटी खोल दुभंगलेली असते, तेवढ्यापुरत्या कांबी नव्या लागतील.