सोलापुरातली बाग उन्हाळ्यात का जळते? या चुका टाळा

मागच्या एप्रिलमध्ये जुळे सोलापुरातल्या एका घरी गेले होते. फाटकाशी कमरेएवढी तगर होती आणि तिची पानं कडेनं करपलेली. काकू म्हणाल्या, "रोज न चुकता पाणी घालते हो, बघा, आळं ओलंच आहे." आळं खरंच ओलं होतं, सकाळच्या उन्हात चमकत होतं. मी पिशवीतली सळई काढली आणि खोडापासून हातभर अंतरावर रोवली. दोन बोटं आत गेली आणि अडकली. वर चिखल आणि खाली वीट. वाफ्यातल्या चारही तगरी तशाच निघाल्या.

बागा करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. उन्हाळ्यात जळालेल्या बागा बघायला जाते तेव्हा दहातल्या सात-आठ ठिकाणी पाण्याचा तुटवडा हे कारण नसतं. पाणी घातलेलं असतं, पण मुळांपर्यंत ओल गेलेली नसते. पाणी आणि ओल हा फरक मला वडिलांनी शिकवला. ते मंगळवेढ्याकडचे कोरडवाहू शेतकरी. मी नव्या घरी पाइप घेऊन उभी असताना ते एकदाच बोलले होते, "पाणी घालालीस का नुसतं शिंपडालीस?"

त्यांची मालदांडी ज्वारी आठवा. सप्टेंबरच्या पावसावर पेरायची आणि फेब्रुवारीत काढायची. मधले महिने आभाळातून जवळजवळ काहीच येत नाही, तरी डिसेंबरात हुरडा तयार असतो. ज्वारी जगते ती काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर. सोलापूरचा पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. इथे कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे, आणि त्या सगळ्याचा गाभा पावसाची ओल जमिनीत मुरवणं आणि टिकवणं हाच. बंगल्याच्या अंगणातली मातीही तीच आहे. आपण मात्र तिच्यात पुण्याच्या पद्धतीनं बाग करायला जातो.

रोज थोडं थोडं पाणी

सगळ्यात जास्त झाडं या सवयीनं जातात. रोज मगभर पाणी मिळालं की मुळं वरच्या दोन-तीन इंचांत पसरतात. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की तोच थर दुपारपर्यंत तापून कोरडा होतो आणि मुळं भाजतात. खाली जायची सवयच त्यांना लागलेली नसते.

दोन-तीन वर्षांच्या झाडाला एका वेळी १५ ते २० लिटर पाणी सावकाश द्या आणि मग भर उन्हाळ्यातसुद्धा चार-पाच दिवस थांबा. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे हे वेळापत्रक बसवणं सोपं जातं. नळाचा दिवस तोच झाडांचा दिवस ठरवा. पाणी संध्याकाळी द्या आणि दुसऱ्या दिवशी सळई रोवून बघा. ओल्या मातीत सळई सहज जाते आणि कोरडी लागली की थांबते. हातभर गेली तर पाणी पोचलं म्हणायचं. हे दोन-तीनदा केलंत की आपल्या अंगणाला किती पाणी लागतं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आळं कुठे करायचं, हेही बघा. बहुतेक ठिकाणी ते खोडाला चिकटून असतं आणि झाड डोक्यावर गेलं तरी तेवढंच राहतं. पाणी पिणारी मुळं फांद्यांच्या टोकांखाली असतात. दरवर्षी आळं बाहेर सरकवा. ठिबक असेल तर ड्रिपरही सरकवा. चार वर्षांच्या आंब्याच्या खोडाला टेकलेला एकच ड्रिपर मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता गेल्या गेल्या आधी तोच शोधते.

काळी माती फेब्रुवारीपासून तडकायला लागते. भेगेत पाणी सोडलं की ते सरळ खाली निघून जातं, आणि पाणी दिलं नाही तर त्याच भेगेतून खालची ओल उडते. शेतकरी यावर कोळपणी करतो, म्हणजे वरची माती हलकी सैल करतो. "एक कोळपणी, अर्धं पाणी" असं म्हणतात ते याचसाठी. वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की खुरप्यानं वरचा दोन इंचांचा थर मोकळा करा आणि भेगा भुसभुशीत मातीनं बुजवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यानंतर पाण्याचा एक हप्ता चुकला तरी झाड तग धरतं.

लॉनचा हट्ट

नव्या घराच्या नकाशात समोर हिरवा चौकोन असतोच. पाचशे चौरस फुटांचं लॉन म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाला पाच-सहा लिटर धरले तरी रोज अडीचशे लिटर पाणी लागतं. महिन्याचं साडेसात हजार लिटर झालं, म्हणजे पाच हजारांचे दीड टँकर. ज्या गल्लीत बायका नळाच्या वेळेसाठी पहाटे उठतात, त्या गल्लीत एवढं पाणी गवताला घालणं मला पटत नाही, आणि हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते.

नातवंडांना लोळायला हिरवळ हवीच असेल तर शंभर चौरस फूट करा, तीही झाडाच्या पूर्वेला, दुपारची सावली पडते तिथे. बाकी जागेत शहाबादी फरशीच्या पायवाटा आणि मधे मुरूम टाका. कडेनं सदाफुली, कोरांटी, गवती चहा, कोरफड लावा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातलं गवत पावसाळ्यानंतर वाऱ्यावर हलताना ज्यानं पाहिलं आहे, त्याला सुकलेलं सोनेरी गवतही देखणं असतं हे पटवावं लागत नाही. मारवेलचे दहा-बारा ठोंब कुंपणाशी लावले तर पहिल्या वर्षानंतर त्यांना पाणी घालावं लागत नाही.

लॉन काढून तिथे प्लॅस्टिक अंथरायचं आणि वर पांढरे गोटे पसरायचे, ही आता दुसरी चूक सुरू झाली आहे. पांढरे गोटे ऊन परत वर फेकतात, शेजारच्या झाडांची पानं खालून भाजतात, आणि रात्री घराची भिंत गार होत नाही. खालचं प्लॅस्टिक पाऊस मुरू देत नाही. कृत्रिम हिरवळीवर तर मेमध्ये दुपारी अनवाणी उभं राहून बघा.

बाग उंच आणि गटार खाली

बहुतेक ठिकाणी वाफे विटांनी उंच बांधलेले असतात आणि फरशीचा उतार फाटकाकडे. सप्टेंबरात पाऊस येतो, वाफ्यावरून घरंगळतो आणि रस्त्यावर जातो. मग जानेवारीत टँकर.

हजार चौरस फुटांच्या गच्चीवर साडेपाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे ५१ हजार लिटर पाणी. सांडलेलं, उडालेलं वजा केलं तरी ४० हजार उरतं. ते सगळं साठवायला टाकी कुणाकडेच नसते, म्हणून ते मातीत मुरवायचं. वाफे पायवाटेपेक्षा चार-सहा इंच खोल ठेवा आणि गच्चीचा पाइप गटारात न सोडता वाफ्यांकडे वळवा. पाण्यानं एका वाफ्यातून दुसऱ्यात जावं आणि शेवटी शोषखड्ड्यात. निवडुंग, अडेनियम, कोरफड मात्र उंचावर मुरमातच हवीत, खोलगट वाफ्यात ती कुजतात.

एक काळजी जरूर घ्या. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. भिंतीला लागून सतत ओला वाफा ठेवला तर जोत्याला आणि कंपाउंडला तडे जातात. पाणी मुरवायची जागा घरापासून दहा-बारा फूट लांब धरा.

लाल मातीतलं रोप काळ्या मातीत

आपल्या नर्सऱ्यांमधली कितीतरी रोपं उरुळी कांचनकडून आणि आंध्रातल्या कडियमहून येतात. त्यांच्या पिशवीत लाल माती असते. ती तशीच काळ्या मातीच्या खड्ड्यात ठेवली की दोन्हींचं जमत नाही. उन्हाळ्यात भोवतालची काळी माती ओल धरून बसते आणि आतला लाल गोळा कोरडा पडतो, तर पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून गोळा कुजतो. दोन वर्षांनी मेलेलं झाड उपटून बघा, मुळं पिशवीच्याच आकारात गोल फिरलेली दिसतील.

लावताना पिशवी फाडून गोळ्याच्या कडेची माती बोटांनी हलकी सैल करा आणि गोल फिरलेली मुळं मोकळी करा. खड्डा अंगणातल्याच मातीनं भरा, तिच्यात तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत मिसळा. चार घमेली वाळू टाकून काळी माती सुधारत नाही.

लावायची वेळही चुकते. जूनच्या पहिल्या सरीवर उत्साहानं लावतात, आणि मग पावसाची उघडीप आली की लक्ष राहत नाही. मी ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर ही वेळ धरते, कारण मोठा पाऊस तेव्हा येतो आणि उन्हाळ्यापूर्वी मुळांना पाच-सहा महिने मिळतात. वास्तुशांतीच्या मुहूर्तासाठी मार्च-एप्रिलमध्ये बाग लावू नका. तेवढ्यापुरत्या कुंड्या मांडा.

कोणतं झाड कुठे

दुपारचं ऊन अडवायचं तर पश्चिमेला झाड हवं. तिथे बहावा लावला तर ऐन एप्रिल-मेमध्ये तो पिवळ्या झुबक्यांनी भरतो, पण पानं कमी असतात, सावली मिळत नाही. पश्चिमेला कडुनिंब लावा. एप्रिलपर्यंत त्याला नवी पालवी आलेली असते. बहावा पूर्वेला किंवा फाटकापाशी शोभतो. पांढरा चाफा, शंकासूर, आपटा, पारिजातक, सीताफळ, शेवगा ही सगळी इथली माती मानणारी झाडं. कण्हेर कणखर आहे, पण विषारी आहे. घरात लहान मूल किंवा जनावर असेल तर लावू नका.

कोनोकार्पस या परदेशी झाडाची हिरवी भिंत झटपट उभी राहते म्हणून लावतात. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मी ते कुणालाही लावून देत नाही.

तहानेप्रमाणे झाडांचे गट करा. जास्वंद, मोगरा, कर्दळ ही न्हाणीघराच्या पाण्याजवळ, बाकीची लांब. बोगनवेल आणि जास्वंद एकाच पाइपवर ठेवली की दोन्हींपैकी एकाचं नुकसान ठरलेलं.

ताण द्यायला भिऊ नका

"बोगनवेल रानासारखी वाढली, फूल एक नाही." असा फोन दर जानेवारीत येतो. फोन करणाऱ्याचे कुणी ना कुणी नातेवाईक सांगोल्याकडे किंवा मोहोळकडे डाळिंब करत असतात! आपल्या जिल्ह्याच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, २००५ पासून केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि बहार धरायचा म्हणजे पाणी तोडून ताण द्यायचा हे इथे शाळकरी पोराला माहीत असतं. तेच घरी आल्यावर विसरतो.

बोगनवेलीचं पाणी नोव्हेंबरपासून तोडा. पानं मलूल व्हायला लागली की एकदा भरपूर द्या आणि परत तोडा. तीन-चार फेऱ्यांत रंग येतो. मोगऱ्याला डिसेंबरात तीन-चार आठवडे ताण द्या, जानेवारीत छाटा, शेणखत घाला आणि मग पाणी सुरू करा. मार्चमध्ये ओंजळ भरेल इतकी फुलं येतात. नवीन लावलेल्या झाडाला मात्र ताण देऊ नका, आधी दोन वर्षं मुळं धरू द्या.

पिवळं पान वाचायला शिका

पान पिवळं दिसलं की हात पाइपकडे जातो, आणि बऱ्याचदा तिथेच झाड मरतं. कोणतं पान पिवळं झालंय ते आधी बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो केवडा रोग, म्हणजे लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चमचाभर लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारा, पंधरवड्यानं पुन्हा. नुसतं मातीत टाकलेलं हिराकस त्याच चुन्यात अडकतं, शेणखतात मिसळून द्या.

खालची जुनी पानं सरसकट पिवळी होऊन गळत असतील आणि माती चिकट असेल तर पाणी जास्त झालं. थांबा. पानांच्या फक्त कडा करपल्या असतील आणि कुंडीवर पांढरा थर असेल तर ते बोअरच्या पाण्यातले क्षार. तिथे थोडं थोडं पाणी दिलं की क्षार वरच साचतात, म्हणून महिन्यातून एकदा तळातून वाहीपर्यंत पाणी द्या. पावसाचं असेल तर उत्तम. आरओचं टाकाऊ पाणी आणि वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी एकाच झाडाला रोज घालू नका. त्यातल्या सोडियमनं काळी माती दगड होते.

पाचोळा पेटवू नका

फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब पानं टाकतो आणि लोक झाडून काडी लावतात. मला ते बघवत नाही. त्याच पानांचा चार बोटं जाड थर आळ्यात पसरा. ती कमी पडली तर उसाचं पाचट आणि शेंगांची टरफलं आपल्या भागात मुबलक मिळतात. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी चढते.

भाजीच्या वाफ्यात मडकं पुरा, त्यातून पाणी हळूहळू मुळांशी झिरपतं. कुंभार वेशीत रंग न दिलेलं आठ-दहा लिटरचं मडकं मागा, गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि झाकण ठेवा, म्हणजे डास होत नाहीत. भोवती दोन वीत अंतरात वांगी, मिरची, टोमॅटो लावा. मडकं लवकर रिकामं होईनासं झालं की बोअरच्या चुन्यानं भोकं बुजली असं समजा. काढून काथ्यानं घासा किंवा बदला.

आणि मे महिन्यात वाळलेलं दिसणारं झाड लगेच उपटू नका. फांदीची साल नखानं खरवडा. आत हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. त्याला छाटू नका, खत घालू नका. एकदा खोल पाणी द्या, पाचोळा टाका, पश्चिमेकडून जुनी साडी किंवा सोलापुरी चादर बांधा आणि जूनच्या दोन पावसांपर्यंत थांबा. त्या काकूंच्या चार तगरींपैकी तीन अशाच फुटल्या, चौथीची साल आत तपकिरी होती. तिच्या जागी सप्टेंबरात पारिजातक लावला.