छोटा पिकअप घेताना आधी वजनाचा हिशेब, मग किमतीचा

फोर्ड मॅव्हरिक या छोट्या पिकअपचं २०२२चं मॉडेल अमेरिकेत आलं तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत १९,९९५ डॉलर होती, डेस्टिनेशन चार्ज (कारखान्यातून डीलरपर्यंत गाडी पोचवायचा खर्च) वेगळा. ऑर्डरींचा असा लोंढा आला की जानेवारी २०२२ मध्येच कंपनीला त्या वर्षाची नोंदणी थांबवावी लागली. २०२५च्या मॉडेलची किंमत सुरूच झाली २६ हजारांच्या पुढे. स्पर्धा फारशी नाही, कारण छोटे पिकअप या बाजारातून जवळजवळ हद्दपारच झाले होते. फोर्डचाच जुना रेंजर २०११ मध्ये बंद झाला आणि २०१९ मध्ये परतला तो अंगाने वाढून. बाहेरून स्वस्त पिकअप आणावा, तर १९६४ पासून आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के कर आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, त्याचा हा वचपा. म्हणून त्याला आजही 'चिकन टॅक्स' म्हणतात. कोंबड्यांचं भांडण केव्हाच मिटलं, कर मात्र राहिला.

अशा बाजारात घाईने घेतलेला पिकअप दोनदा महाग पडतो, एकदा घेताना आणि दुसऱ्यांदा तो आपलं काम पेलत नाही हे कळल्यावर. म्हणून सुरुवात किमतीपासून नको, दारापासून करा.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारी पांढरी-पिवळी पट्टी असते. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, तो आकडा तिच्यावर किलो आणि पाउंड दोन्हींत छापलेला असतो. हा आकडा त्या एका गाडीचा असतो. जाहिरातीतली '१,५०० पाउंडांपर्यंत' ही क्षमता त्या मॉडेलमधल्या सर्वात अनुकूल गाडीची. सनरूफ, फोर व्हील ड्राइव्ह, मोठी चाकं अशी भर पडली की आकडा घटतो. हौद्यावर नंतर टोपी (हौदा झाकणारं छत) बसवली असेल तर तिचे दीडशे-दोनशे पाउंड या पट्टीत धरलेले नसतात, ते तुम्हीच वजा करायचे.

पट्टीवर १,४८० आहे असं धरू. दोन माणसांचे ३३०, हत्यारांच्या पेटीचे १२०. उरले १,०३०. काँक्रीटच्या ८० पाउंडी बारा गोण्या म्हणजे ९६०, तेराव्या गोणीला आकडा ओलांडला. आता मागे ३,५०० पाउंडांचा ट्रेलर जोडा. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार जोडणीवर येतो आणि तोही याच क्षमतेतून जातो, म्हणजे ३५० ते ५२५. उरलेल्या ५०५ ते ६८० पाउंडांत सहा ते आठ गोण्या बसल्या तर बसल्या. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. ट्रेलरचं वजन ट्रेलरची चाकं पेलतात, हे अर्धंच खरं.

हौद्यात मावलं म्हणजे गाडीला पेललं असंही नाही. मॅव्हरिकच्या हौद्यात ३३.३ घनफूट माल मावतो, म्हणजे एका घनयार्डाहून थोडा जास्तच. एक यार्ड मल्च (झाडांच्या बुडाशी पसरायचा सालींचा चुरा) सहसा चालून जातं. एक यार्ड खडी मात्र सव्वीस-सत्तावीसशे पाउंड भरते. अर्धा यार्ड मागितलात तरी वरच्या हिशेबात तीनशे पाउंड जास्त होतात. खडीवाला लोडरने एका दमात ओतून मोकळा होतो, म्हणून बादली उचलण्याआधीच त्याला थांबवायचं.

हौद्याची लांबी साडेचार फूट आहे म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. फाळका अर्ध्यावर अडकवला की त्याची कड आतल्या, चाकांवरच्या उंचवट्यांच्या पातळीला येते आणि ४ बाय ८ चा प्लायवूड आडवा बसतो. पट्ट्याने मात्र आवळायचाच. पाऊण इंची एक ताव साठ-सत्तर पाउंडांचा असतो, वाऱ्याने उचलला तर मागच्याच्या काचेवर जाईल.

ट्रेलर ओढायचा असेल तर आधीच ठरवा, कारण ही सोय नंतर बसवता येत नाही. २०२२ ते २०२४ च्या हायब्रीड मॅव्हरिकची मर्यादा २,००० पाउंड आहे. त्या वर्षांच्या गाडीत ४,००० साठी टर्बो इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह आणि कारखान्यातून आलेलं टोइंग पॅकेज हवं. त्या पॅकेजमध्ये मोठा रेडिएटर, ट्रान्समिशनचा कूलर आणि वेगळं गियर गुणोत्तर असतं. बाहेरून नुसता हुक लावून यातलं काहीच येत नाही, चढावर ट्रान्समिशन तापतं ते म्हणूनच.

नवीन घेताना

डीलरशी एकाच आकड्यावर बोला, सगळं धरून हातात गाडी येईपर्यंतची किंमत. तीही लेखी घ्या. गाडीची किंमत, डेस्टिनेशन चार्ज, कागदपत्रांची फी, कर, नोंदणी या ओळी वेगवेगळ्या मागा. डेस्टिनेशन चार्ज कमी होत नाही, त्यावर वेळ घालवू नका. काढून टाकायच्या ओळी वेगळ्याच असतात. 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट' (मागणी आहे म्हणून डीलरने वर चढवलेली रक्कम), टायरमधला नायट्रोजन, रंगावरचं संरक्षण, काचेवर कोरलेला नंबर. मागणी जास्त असेल तेव्हा डीलर या ओळी सोडत नाही. मग दुसऱ्या गावातल्या चार डीलरांना ईमेल करा आणि येणाऱ्या गाडीवर किंवा फॅक्टरी ऑर्डरवर नाव लावा.

महिन्याच्या हप्त्यावर बोलणी करू नका. २८,००० डॉलर ७ टक्क्यांनी ७२ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता ४७७ च्या आसपास आणि व्याज सुमारे ६,३७०. तेच ४८ महिन्यांत फेडले तर हप्ता ६७० च्या घरात जातो, व्याज मात्र ४,१८० वर येतं. हप्ता 'बसवून देतो' म्हणणारा माणूस नुसते महिने वाढवत असतो.

जुना घेताना

नव्याच्या किमती चढल्या की जुन्याच्याही चढतात. एक-दोन वर्षांच्या गाडीत आणि नव्यात दोन-तीन हजारांचाच फरक असेल तर नवीच घ्या, वॉरंटी पूर्ण मिळते. खरी बचत दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीत आहे, आणि धोकाही तिथेच.

गंज आधी, इंजिन नंतर. बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतला पिकअप वरून चकचकीत आणि खालून पोखरलेला असू शकतो. जुनी चादर अंथरून गाडीखाली जा, टॉर्च आणि छोटा हातोडा घेऊन. मागच्या चाकाच्या पुढे-मागे, पाट्यांच्या (मागच्या लोखंडी स्प्रिंगांच्या) कड्या जिथे चासीला जोडल्या आहेत तिथे, स्टेपनीच्या वर आणि पाणी जायच्या भोकांभोवती हलके ठोके मारा. धड लोखंड टणटण वाजतं. कुजलेलं 'थप्प' करतं आणि पापुद्रे झडतात. वरवरचा तांबूस थर चालतो. स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर आत शिरला तर हात झटका आणि निघा. विक्रीच्या आधी नुकताच मारलेला काळा कुळकुळीत थर दिसला तर विकणाऱ्याला थेट विचारा, खाली काय होतं.

टोयोटा टॅकोमाच्या २००५ ते २०१० च्या मॉडेलांत चासीचा गंज इतका पसरला की २०१६ मध्ये कंपनीला दाव्यात तडजोड करावी लागली. अशा गाडीची चासी बदलली असेल तर त्याची पावती मागा. ती असेल तर थोडे जास्त पैसे द्यायलाही हरकत नाही. जुन्या रेंजरमध्ये पाट्यांच्या कड्या आणि हँगर गंजून तुटतात. ही दुरुस्ती आवाक्यातली आहे, पण तेवढे पैसे किमतीतून कापून घ्या.

गाडीवर किती ओझं लादलं गेलं ते पाटे सांगतात. रिकाम्या गाडीचे पाटे सपाट झाले असतील किंवा उलटे वाकले असतील तर ती सतत लादून चालली आहे. एक्सलच्या वर चासीला रबरी ठोकळे असतात. ते चेपून फाटलेले आणि समोरचं लोखंड घासून चमकलेलं दिसलं, तर धक्के थेट तिथपर्यंत पोचत होते. हौद्यातल्या ओरखड्यांचं मात्र वाईट वाटून घेऊ नका, पिकअपचा हौदा खरवडलेलाच असायचा.

इंजिन-ट्रान्समिशनच्या दोन खोडी ठाऊक असू द्या. २००५ ते २०१० च्या ऑटोमॅटिक निसान फ्रंटियरमध्ये ट्रान्समिशनचा कूलर रेडिएटरच्या आत असतो. तो फुटला की कूलंट आणि ट्रान्समिशन ऑइल एकमेकांत मिसळतं. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. आत गुलाबी दुधाळ फेस दिसला तर ट्रान्समिशन गेलंच समजा. फुटण्याआधीच रेडिएटर बदलला असेल किंवा कूलर बाहेर बसवला असेल तर निर्धास्त पुढे जा. २००१ नंतरच्या ४.० लिटरच्या रेंजरमध्ये टायमिंग चेनचे गाइड झिजतात. थंड इंजिन सुरू करताना खडखड येते. मागची चेन बदलायला इंजिन उतरवावं लागतं, त्यामुळे खर्च गाडीच्या किमतीच्या तोडीचा होऊ शकतो. म्हणूनच, 'गाडी सुरू करू नका, मी आल्यावर करू' असं आधी कळवा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.

फोर व्हील ड्राइव्ह कच्च्या रस्त्यावर तपासा. पार्ट-टाइम (हवं तेव्हाच चारही चाकं जोडणाऱ्या) प्रकारात कोरड्या डांबरावर वळण घेतलं की गाडी अडखळते. तो दोष नाही, उलट तसं चालवून आपणच गियर खराब करू.

शेवटी कागद. सतरा अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) डॅशबोर्डवर, दाराच्या चौकटीवर आणि टायटलवर (मालकीच्या कागदावर) एकच आहे का ते पाहा. तो एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की न झालेले रिकॉल (कंपनीने मान्य केलेल्या दोषांच्या दुरुस्त्या) फुकट कळतात, आणि ती कामं डीलर पैसे न घेता करून देतो. टायटलवर 'सॅल्व्हेज' (अपघातात मोडीत निघालेली) किंवा 'फ्लड' (पुरात सापडलेली) असा शेरा आहे का आणि जुन्या कर्जाचा बोजा उतरला आहे का, हे पैसे देण्याआधी पाहा. दुसऱ्या राज्यात पुन्हा नोंदणी करून असा शेरा पुसून टाकण्याचे प्रकार होतात, म्हणून एनएमव्हीटीआयएस या देशभरच्या टायटल-नोंदींचा अहवाल थोडे पैसे भरून काढा. पुराच्या पाण्यातून आलेल्या गाडीत सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. पट्ट्याच्या शेवटच्या फूटभरात गाळाची रेघ राहिलेली सापडते, कारण गाडी धुणारा तिथवर कधी जात नाही.