मनोरुग्णाला दवाखान्यात नेताना या चुका टाळा

दादाला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं ते आम्ही खोटं बोलून. ‘मामाकडे चाललोय’ असं सांगितलं. मामाच्या गावाचा फाटा मागे पडला तसा तो वळून काचेतून फाट्याकडे बघत राहिला. काही बोलला नाही. दवाखान्याच्या गेटवरची पाटी त्याने वाचली आणि मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून विसरता आलेली नाही. उपचारांनी त्याला बरं वाटलं, पण पुढची दीड वर्षं घरातलं कुणी ‘चल, जाऊन येऊ’ म्हणालं की तो पायात चप्पल घालत नसे. तपासणीच्या तारखा चुकल्या, गोळ्या सुटल्या आणि आजाराने पुन्हा उचल खाल्ली.

त्यानंतर दादाबरोबर आणि ओळखीतल्या बऱ्याच घरांबरोबर मी असा प्रवास केला. दवाखाना कोणता, डॉक्टर कोण, याची चौकशी सगळे करतात. तिथवर न्यायचं कसं, हे मात्र ऐन वेळी, अंगणात दहा माणसं गोळा झाल्यावर ठरतं. बहुतेक चुका तिथेच होतात.

फसवून गाडीत बसवणं

खरं सांगितलं तर येणार नाही, ही भीती मला समजते. तरी खरंच सांगा, थोडक्यात सांगा, आणि एकाच माणसाने सांगा. त्याचा ज्याच्यावर जीव आहे त्या माणसाने. ‘चार रात्री तुला झोप नाही. मला काळजी वाटतेय. आपण डॉक्टरांना दाखवू, मी पूर्ण वेळ तुझ्यासोबत आहे.’ शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं तो म्हणत असेल तर त्यावर वाद घालू नका आणि हो ला होही करू नका. ‘तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय,’ एवढं पुरतं. ‘येतोस का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं, आणि मग ओढाताण सुरू होते. त्यापेक्षा जे खरोखर त्याच्या हातात आहे ते विचारा: आत्ता निघायचं की जेवून, सोबत ताई हवी की काका, कुठला शर्ट घालायचा. एकदा एका काकूंनी घरातून निघायला दोन तास घेतले. देवाला दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं, मग स्वतःहून गाडीत बसल्या. ते दोन तास घाई केली असती तर पुढचे चार तास हाल झाले असते.

गाडी करायची की १०८ लावायचा, हे न ठरवणं

पुढचं सगळं लिहिलंय ते तब्येत बिघडली आहे पण जिवाला तातडीचा धोका नाही, अशा वेळेसाठी. विष किंवा जास्त गोळ्या घेतल्या, स्वतःला इजा केली, फिट आली, शुद्ध हरपतेय, दोन-तीन दिवस अन्नपाणी घेतलेलं नाही, तर थेट १०८. हातात कोयता-चाकू असेल तर ११२, आणि घरातली लहान मुलं आधी बाहेर.

याच्याही आधी एक गोष्ट बघायची, आणि ती सर्रास राहून जाते. काल-परवापर्यंत बरा असलेला माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला, त्याला दिवस-रात्र कळेना, आणि सोबत ताप, डोकेदुखी, डोक्याला मार किंवा मधुमेह असेल तर आधी जवळच्या सर्वसाधारण रुग्णालयात न्या. साखर उतरली, मेंदूला संसर्ग झाला, म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला, तरी माणूस ‘वेड्यासारखा’ वागू शकतो. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली आणि दोन-तीन दिवसांत हात थरथरायला लागले, भिंतीवर किडे दिसायला लागले, तर तीही तातडीचीच वेळ. अशा माणसाला चार तास लांबच्या मनोरुग्णालयाकडे नेताना वाटेत जीव जाऊ शकतो.

ठरवता येत नसेल तर १४४१६ लावा. ही टेलि-मानसची मोफत सरकारी हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, २४ तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मी निघण्याआधी लावते. आपला आवाज शांत व्हायलाही त्याचा उपयोग होतो.

चहातून झोपेची गोळी देणं

‘मेडिकलवाल्याने दिली, झोपेल आणि मग नेऊ.’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता निघण्याआधी मी स्वयंपाकघरात जाऊन विचारते. पोटात दारू असेल, दम्याचा किंवा घोरण्याचा त्रास असेल, आधीच्या गोळ्या चालू असतील, तर श्वास मंदावतो आणि मागच्या सीटवर मान वाकडी पडलेली कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय गुंगीतल्या माणसाला डॉक्टरांनी तपासायचं कसं? शांत करणारं औषध लागणार असेल तर ते डॉक्टरांनी तपासून द्यावं आणि वाटेत लक्ष ठेवणारं जाणकार माणूस सोबत असावं. रोजची ठरलेली औषधं मात्र प्रवासाच्या दिवशीही वेळेवर द्या. लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) चालू असेल तर उन्हाळ्यात पाण्याकडे विशेष लक्ष हवं. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं की लिथियमचं प्रमाण रक्तात वाढतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, उलट्या दिसल्या तर वाटेतलं पहिलं रुग्णालय गाठा.

दोरी, ओढणी आणि ‘उचलून नेणारे’

हात मागे बांधून पालथं पाडणं जीवघेणं आहे. छाती दबते, श्वास घेता येत नाही, आणि धडपड थांबली की लोकांना वाटतं, ‘झाला शांत.’ २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी गावी मनोरुग्णांना ठेवायच्या एका खासगी जागेत आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २५ हून अधिक मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी घातली आहे. रुग्णालयातसुद्धा रुग्णाला जखडायचं तर तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसावा लागतो आणि मनोविकारतज्ज्ञाची परवानगी लागते. मग आपण अंगणात कशाच्या आधारावर बांधतो?

काही ठिकाणी पैसे देऊन चार धिप्पाड माणसं बोलावली जातात. पहाटे येतात, झोपेतून उचलतात, गाडीत कोंबतात. कृपा करून हा रस्ता धरू नका. खरोखर धोका असेल तर त्यासाठी कायद्यात सोय आहे. कलम ९४ प्रमाणे कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, म्हणजे तुमच्या तालुक्याचा डॉक्टरसुद्धा, रुग्णाचा प्रतिनिधी (त्याने स्वतः नेमलेला, नसेल तर सहसा जवळचा नातेवाईक) हजर असेल तर त्याच्या संमतीने तातडीचे उपचार देऊ शकतो, आणि जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात पोचवणं त्यातच येतं. ही मुभा जास्तीत जास्त ७२ तासांची. आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाला ‘असले पेशंट घेत नाही’ म्हणाला तर शांतपणे सांगा की इतर रुग्णांसारखीच आणि तितक्याच दर्जाची रुग्णवाहिका मिळणं हा याच कायद्याने दिलेला हक्क आहे.

गाडीत कोण, कुठे

मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेणं सर्वात धोक्याचं. गावात सर्रास दिसतं. चालत्या गाडीवरून एक झटका दिला की तिघंही रस्त्यावर. माणूस शांत असेल आणि सवय असेल तर एसटीला हरकत नाही, नाहीतर चारचाकीच करा.

मागच्या सीटवर, ड्रायव्हरच्या पाठीमागे नव्हे, तर पलीकडच्या बाजूला त्याला बसवा. शेजारी त्याचं जवळचं माणूस, पुढे दुसरं एक. बाई असेल तर शेजारी बाईच हवी. तिघांपेक्षा जास्त माणसं नेऊ नका, गर्दीने भीती वाढते. चाइल्ड लॉक लावा, पण तसं सांगून लावा: ‘दार चुकून उघडू नये म्हणून लावलंय.’ नाहीतर हँडल ओढल्यावर दार उघडलं नाही की कोंडल्याची भावना येते. पाना, जॅक, काचेच्या बाटल्या डिकीत टाका.

ड्रायव्हरशी आदल्या दिवशी बोलायचं. मी चार गोष्टी सांगते: गाणी लावायची नाहीत, आरशातून टक लावून बघायचं नाही, आजाराबद्दल एक शब्द विचारायचा नाही, आणि मी ‘बाजूला घ्या’ म्हटलं की कारण न विचारता गाडी बाजूला घ्यायची. अ‍ॅम्ब्युलन्स असेल तर सायरन बंद. थांबायचं ते पेट्रोल पंपावर किंवा ओळखीच्या हॉटेलवर. घाटात नाही, पुलावर नाही, हायवेच्या कडेला तर नाहीच. चिडचिड वाढली तर चालत्या गाडीत झटापट नको. गाडी थांबवा, एकाने उतरा, एकानेच हळू आवाजात बोला. पाच मिनिटं नुसती शांतता ठेवली तरी फरक पडतो.

पोचलो, पण कागद घरीच

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. लांबून जाणार असाल तर आधी जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात ते विचारा, कित्येकदा लांबचा फेरा वाचतो. फोन करूनच निघा आणि सकाळी पोचा. दुपारी पोचलात तर बाह्यरुग्ण विभाग बंद झालेला असतो आणि थकलेल्या माणसाला घेऊन बाकावर बसावं लागतं.

पिशवीत जुने केसपेपर, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं, आधार कार्ड आणि शरीराच्या आजारांचे रिपोर्ट हवेत. आणि योग्य माणूस हवं. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ खाली भरतीचा अर्ज त्याच्या प्रतिनिधीला करावा लागतो, आणि एका मनोविकारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका डॉक्टरने किंवा मानसिक आरोग्य तज्ज्ञाने त्याला वेगवेगळं तपासलेलं असावं लागतं. एका घरातून रुग्णाबरोबर फक्त शेजारी आले होते, बायको मुलांसाठी घरी थांबली. सही कुणी करायची यावर सगळे खोळंबले आणि तिला दुसऱ्या गाडीने बोलवावं लागलं.

रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा अनोळखी माणूस दिसला तर पोलिसांना कळवा. त्याला २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणं याच कायद्याच्या कलम १०० प्रमाणे त्यांचं काम आहे आणि लॉकअपमध्ये ठेवायला मनाई आहे.

परतीचा प्रवास विसरणं

डिस्चार्जच्या दिवशी घरची माणसं निर्धास्त होतात आणि रुग्णाला एकट्याला एसटीत बसवून देतात. नवीन औषधांनी पेंग येते, उठताना चक्कर येते, स्टॉप चुकतो. काही औषधांनी पहिल्या काही दिवसांत मान किंवा जबडा एकाएकी वाकडा होऊन आखडतो. बघणारा घाबरतो, पण त्यावर लगेच उतार देणारं इंजेक्शन असतं, जवळच्या दवाखान्यात जा. न्यायला जाताना तेच जवळचं माणूस जावं. पुढची तारीख आणि वॉर्डचा फोन नंबर गाडीत बसण्याआधी लिहून घ्या. दादा आता तारखेच्या आदल्या रात्री फाइल स्वतः काढून ठेवतो आणि ड्रायव्हरला फोनही तोच करतो.