बाहेरून रंग काढायचाय? आधी भिंत वाळू द्या

कुठल्या कंपनीचा रंग घेऊ हे विचारणारे खूप भेटतात, भिंत वाळली का हे कुणीच विचारत नाही. आमचं घर रत्नागिरीकडचं, जांभ्याचं, वरून सिमेंटचा गिलावा. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वारा नैऋत्येचा, म्हणजे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत चार महिने नुसती झोडपून निघते. आत्तापर्यंत चार वेळा रंग काढलाय आणि दोन नातेवाइकांच्या घरांचं काम उभं राहून करून घेतलंय, त्यावरून सांगते.

शेवाळ आणि काळे डाग आधी मारायचे, मग घासायचे. ब्लीचिंग पावडरचं पाणी लावा, पंधरा मिनिटं ठेवा, कडक ब्रशने घासून धुऊन काढा. त्यात अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. भिंतीवर पांढरा खार फुटला असेल तर मात्र पाणी नको, कोरड्या ब्रशने झाडा, नाहीतर तो विरघळून परत भिंतीत जातो.

सुटलेले पोपडे खरवडा. भिंत ठोकून बघा, पोकळ वाजली तर तेवढा गिलावा पाडून नवीन करा आणि त्याला 28 दिवस द्या.

आता ओल. इथेच मी फसले होते. दिवाळीच्या आधी घर रंगवून हवं होतं, ऑक्टोबरचं ऊन कडक, भिंत हाताला गरम आणि कोरडी लागत होती, कंत्राटदार म्हणाला ताई वाळलीये, मीही हो म्हटलं. मार्चमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर रुपयाएवढे फोड आले. एक नखाने फोडला तर आत पाणी, आणि रंगाची साल रबरासारखी वीतभर निघून आली, प्रायमरसकट, म्हणजे रंगाच्या आधी मारतात त्या अस्तरासकट. जांभा पाणी पितो हो. बाहेरचा अर्धा इंच वाळतो, आतली ओल तशीच राहते, ऊन तापलं की ती बाहेर यायला बघते आणि इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळून लावायच्या रंगाचा, थर तिला वाट देत नाही. जुन्या घरांना चुना असायचा, त्यातून भिंत श्वास घ्यायची, म्हणून असे फोड यायचे नाहीत.

त्यामुळे हात लावून ठरवू नका. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, भिंतीवर चारी बाजूंनी टेपने बंद करा आणि एक दिवस-रात्र ठेवा. जुना रंग भुकटी सोडत असेल तर टेप चिकटत नाही, तेवढी कड आधी कोरड्या फडक्याने पुसा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा प्लास्टिकखालची भिंत गडद झालेली असली तर काम थांबवा. बाहेरच्या बाजूचं पाणी दवाचं असतं, त्याला घाबरू नका. एकाच जागी बघून भागत नाही, पश्चिमेला, जोत्याजवळ आणि न्हाणीघराच्या मागे अशा तीन ठिकाणी तरी लावा. आमच्याकडे डिसेंबरच्या आधी पश्चिमेची भिंत पास होत नाही. सण निघून गेला तरी चालेल, पण ओल्या भिंतीवर रंग काढू नका.

महिनाभर ऊन खाऊनही थेंब येत असतील तर पाणी कुठूनतरी येतंय. फुटलेली पन्हळ, गळका पाइप, जोत्याला टेकवलेला मातीचा ढीग, सगळं बघा. आणि छज्ज्याखाली कडेला जी खाच असते ती नक्की बघा, पाणी भिंतीकडे न जाता तिथूनच गळावं म्हणून ती ठेवलेली असते. गुळगुळीत दिसावं म्हणून रंगारी तिच्यात पुट्टी भरून टाकतात. आमचीही भरली होती, मी स्वतः शिडीवर चढून कोरून काढली.

बारीक तडे पात्याने थोडे रुंद करा, धूळ झटका, क्रॅक फिलर भरा. बाहेरून अख्ख्या भिंतीला पुट्टी मारू नका, पावसाच्या माऱ्याला तिथे पोपडे धरतात. फक्त डागडुजीपुरती, तीही व्हाइट सिमेंटची.

खिडक्यांचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, ओल्या पॉलिश पेपरने घासा. रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरला आली, त्याआधीच्या रंगात ते बरंच असू शकतं, पोरांना लांब ठेवा.

शेवटी हात फिरवा, तळहात पांढरा झाला तर परत ब्रश मारा, धुवा आणि वाळू द्या. मग एक्सटेरियर प्रायमर, पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. थंडीत सकाळी दव असतं, दहाच्या आधी ब्रश लावू देऊ नका.